दगड उचलण्यापूर्वी

प्रस्तावना

महाराष्ट्राचा लिखित इतिहास सोपाऱ्याच्या अशोककालीन शिलालेखापासून मोजला, तर तो सव्वादोन हजार वर्षांच्या आसपास भरतो. माणूस मात्र या भूमीवर लाखो वर्षे राहत आला आहे. त्या दीर्घ काळाची लेणी नाहीत, नाणी नाहीत, ताम्रपट नाहीत. लाकूड कुजले, कातडी गेली, हाडेही बहुतेक ठिकाणी विरून गेली. टिकले ते माणसाने फोडलेले, तासलेले आणि काम झाल्यावर टाकून दिलेले दगड. गोदावरी-प्रवरेच्या दरडींत, भीमेच्या खोऱ्यातल्या माळांवर, तापीकाठच्या काळ्या रानांत ते आजही पडलेले आहेत.

हे दगड ओळखता यावेत म्हणून हे पुस्तक लिहिले आहे. ज्यांच्यासाठी लिहिले, त्यांतले बहुतेक जण पुरातत्त्वाचे विद्यार्थी नाहीत. पहिल्या पावसानंतर रान बघायला जाणारा शेतकरी, खुरपणीला वाकलेल्या बाया, माळावर शेळ्या चारणारी मुले, विहीर आणि शेततळे खोदणारे मजूर, गावच्या शाळेतले शिक्षक यांच्या नजरेला ही हत्यारे तज्ज्ञांच्या कितीतरी आधी पडतात. तज्ज्ञ एखाद्या गावात चार दिवस येऊन जातो; शेतकरी त्याच मातीत जन्म काढतो. कोणत्या पट्ट्यात गारगोट्या जास्त लागतात, कुठली माती राखाडी आहे, कुठे खापरे वर येतात, हे त्याला पाठ असते. त्या माहितीला दगड वाचण्याची जोड मिळाली, तर महाराष्ट्राच्या प्रागितिहासात मोलाची भर पडेल, असे मला मनापासून वाटते.

सुरुवातीलाच एक अपेक्षा बाजूला ठेवायला हवी. दगडी हत्यार म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे त्रिकोणी, दोन्ही अंगांनी नाजूक तासलेले, बुडाशी खाचा असलेले बाणाचे टोक येते. तशी टोके उत्तर अमेरिकेतल्या शेतांत विपुल मिळतात, युरोपातही मिळतात. आपल्या पठारावर ती मिळण्याची आशा जवळजवळ ठेवूच नये. त्यांच्याच शोधात फिरणारा माणूस पायाखालची खरी हत्यारे ओलांडून पुढे जातो. इथे बाण निराळ्या रीतीने बनत असे. एक ते तीन सेंटिमीटर लांबीची बारीक पाती फोडून काढायची, त्यांना चंद्रकोर, त्रिकोण किंवा समलंब चौकोनाचा आकार द्यायचा आणि लाकडाच्या वा हाडाच्या दांड्याला खाच पाडून त्यात ती डिंकाने बसवायची. दांडा कुजला, डिंक गेला. आता हाताला लागते ती नखाएवढी चंद्रकोर. तिची एक बाजू मुद्दाम बोथट केलेली असते, कारण ती खाचेत बसायची होती. समोरची धार मात्र अजूनही बोट कापेल इतकी तीक्ष्ण असू शकते. या तुकड्यांना सूक्ष्मास्त्रे म्हणतात.

कोणत्या दगडाची हत्यारे शोधायची, हे समजण्यासाठी आपल्या जमिनीची घडण माहीत हवी. दख्खनच्या पठाराचा खडक म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांवर थर साचून तो तयार झाला. आज तो जवळजवळ ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. लाव्हा निवताना त्यात वायू अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजे विरघळलेले पाणी झिरपत राहिले आणि त्या पोकळ्या भरल्या, कुठे झिओलाइटने, कुठे कॅल्साइटने, कुठे सिलिकेने. सिलिकेपासून कॅल्सिडनी, अकीक, जॅस्पर आणि स्फटिक गारगोटी झाली. वरचा बेसाल्ट झिजून त्याची काळी माती झाली. हे कठीण गोळे मात्र झिजले नाहीत. सुटे होऊन ते रानात आणि नद्यांच्या वाळूत आले. युरोपातला फ्लिंट खडूसारख्या चुनखडकात सापडतो आणि दख्खनच्या बेसाल्टात तो नाही. त्याचे काम इथे कॅल्सिडनीने केले. तिचा रंग दुधी, धुरकट किंवा पिवळसर असतो आणि उजेडासमोर धरली की तिच्या कडेतून प्रकाश झिरपतो. जॅस्पर लाल, हिरवा किंवा पिवळा असतो आणि त्यातून उजेड जात नाही. कातळातून असे दगड वेचून काढणाऱ्या माणसाला त्यांचे गुण चांगले कळत होते.

या दगडांचे कण फार बारीक असल्यामुळे त्यांना ठरावीक दिशेची चीर नसते. घावाचा जोर आतून सारखा पसरतो आणि तुटलेला पृष्ठभाग वक्र, गुळगुळीत निघतो. याला शंखाकृती भंग म्हणतात. कुठे मारले की कुठून आणि केवढा तुकडा निघेल, याचा अंदाज अशा दगडात बांधता येतो. दगडी हत्यारांची सारी कारागिरी या एका गुणावर उभी आहे आणि ती ओळखण्याचे शास्त्रही त्यावरच.

आता मुख्य प्रश्न. दगड माणसाने फोडला की निसर्गाने? मूळ दगडापासून निघालेल्या तुकड्याला छिलका म्हणतात. छिलका हातात घेऊन पाच खुणा क्रमाने पाहाव्यात. पहिली, घावाची जागा: छिलक्याच्या एका टोकाला लहानसा सपाट भाग असतो, तिथे घाव पडलेला असतो. दुसरी, त्या जागेच्या लगेच खाली आतल्या अंगाला आलेला फुगवटा. डोळ्यांना दिसला नाही तरी अंगठा फिरवला की जाणवतो. याला आघातकंद म्हणतात. तिसरी, त्या फुगवट्यापासून निघालेल्या अर्धवर्तुळाकार रेषा. स्थिर पाण्यात खडा टाकल्यावर वलये दूर जातात, तशा त्या घावाच्या जागेपासून दूर जातात. चौथी, छिलक्याच्या पाठीवर दिसणारे आधीच्या छिलक्यांचे व्रण. पाचवी, धारेवर ओळीने, एकाच अंगाने, सारख्या अंतरावर काढलेले बारीक टवके.

पहिल्या तीन खुणा पुरात गडगडत आलेल्या गोट्यावरही क्वचित उमटतात, म्हणून त्यांच्यावर एकट्यांवर विसंबू नये. चौथी खूण अधिक बोलकी आहे. कोणी तरी एकाच दगडावर, ठरवलेल्या दिशेने, एकामागून एक घाव घातले याचा तो पुरावा. पाचवी तर धार मुद्दाम घडवल्याची साक्ष. पाचही खुणा एकत्र दिसल्या तर शंकेला फार जागा उरत नाही.

लोक सहसा छिलके आणि पाती उचलतात आणि ज्यातून ती काढली तो गाभा टाकून देतात. अभ्यासाच्या दृष्टीने गाभ्याचे मोल मोठे. कॅल्सिडनीचा एखादा लहान गोळा हाती आला आणि त्याच्या अंगावर वरून खालपर्यंत समांतर पन्हळी दिसल्या, तर तो पाती काढून उरलेला गाभा असतो. हत्यार माणूस कोसभर दूर नेतो. गाभे आणि निकामी छिलके बहुधा काम झाले तिथेच राहतात. ज्या पट्ट्यात गाभे, छिलके आणि बारीक कचरा एकत्र सापडतो, तिथे हत्यारे बनत होती असे समजायला हरकत नाही. म्हणून एका दगडावरून निर्णय घेऊ नये. सभोवतीच्या रानात त्याचे सोबती आहेत का, हे आधी पाहावे.

बेसाल्टची हत्यारे ओळखणे अधिक कठीण. बेसाल्ट हवापाण्याने झिजतो, त्यावर तपकिरी-राखाडी साल चढते, व्रणांच्या कडा पुसट होतात आणि आघातकंद दिसेनासा होतो. तिथे एकंदर घडणीकडे पाहावे. हातकुऱ्हाड बदामाच्या किंवा नासपतीच्या आकाराची असते. दोन्ही अंगांनी मोठमोठे छिलके काढल्यामुळे तिच्या भोवतीने नागमोडी धार तयार होते. तिच्याच जोडीने येणारे रुंद पात्याचे हत्यार, ज्याला क्लीव्हर म्हणतात, त्याची पुढची धार आडवी, सरळ आणि न तासलेली असते. दोन्ही साधारण तळहाताएवढी किंवा त्याहून मोठी. ओल्या दगडावर सकाळ-संध्याकाळचा तिरपा उजेड घेतला की दुपारी न दिसलेले व्रण स्पष्ट होतात.

फसवणारे दगडही पुष्कळ आहेत. उन्हात किंवा वणव्यात तापलेल्या कॅल्सिडनीचे गोल टवके उडतात आणि खोलगट खड्डे पडतात. त्यांना घावाची जागा नसते. बेसाल्टचे मोठे गोटे कांद्यासारखे पापुद्र्यांनी सुटतात. तो केवळ झिजेचा परिणाम. नांगराचा फाळ, ट्रॅक्टरचे दात आणि बैलगाडीची धाव दगडाच्या कडा उडवतात आणि त्या उडालेल्या कडा पाहून हत्यार असल्याचा भास होतो. रस्त्यासाठी फोडलेली खडी, रेल्वेमार्गाची खडी आणि खाणीतला चुरा यांवर तर खरेच आघातकंद असतात, कारण तो दगड माणसाने किंवा यंत्रानेच फोडलेला असतो. इथे रंग मदतीला येतो. जुन्या व्रणावर काळाची साल चढलेली असते. ताजा व्रण आतल्या मूळ रंगाचा, उजळ आणि करकरीत असतो. एकाच दगडावर दोन्ही प्रकारचे व्रण असतील, तर जुन्यांचा विचार करावा आणि ताजे सोडून द्यावेत.

दगड आणि घडण यांची सांगड घातली की काळाचा ढोबळ अंदाज बांधता येतो. या पठारावर सर्वांत जुन्या टप्प्यातल्या, म्हणजे पूर्व पुराश्मयुगातल्या हातकुऱ्हाडी आणि क्लीव्हर प्रामुख्याने बेसाल्टसारख्या भरड दगडाच्या आहेत. तामिळनाडूतल्या अत्तिरमपक्कम इथे शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या कामातून या परंपरेचे भारतातले वय सुमारे १५ लाख वर्षांपर्यंत मागे गेले आहे. महाराष्ट्रात नाशिकजवळचे गंगापूर, प्रवरेकाठी नेवाशाजवळचे चिरकी, बारामती तालुक्यातले मोरगाव आणि जुन्नर तालुक्यात कुकडीकाठचे बोरी ही या टप्प्याची महत्त्वाची ठिकाणे. पुढच्या, मध्य पुराश्मयुगाच्या टप्प्यावर हत्यारे लहान होतात आणि भरड बेसाल्टऐवजी कॅल्सिडनी, जॅस्पर आणि त्यांच्यासारखाच बारीक कणांचा चर्ट यांचा वापर वाढतो. छिलक्यांपासून तासण्या आणि टोचे बनू लागतात. नेवासे परिसरात या हत्यारांचा अभ्यास इतका महत्त्वाचा ठरला की या परंपरेला एकेकाळी त्या गावावरून नाव दिले गेले. उत्तर पुराश्मयुगात लांब, समांतर कडांची पाती येतात. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणे इथे शां. अ. साळी यांनी केलेल्या उत्खननात या काळाचे थर मिळाले. तिथे शहामृगाच्या अंड्याचे रेघा कोरलेले कवचही मिळाले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. शहामृग महाराष्ट्रात होते, हेच अनेकांना नवे वाटेल.

त्यानंतर सूक्ष्मास्त्रांचा, मध्याश्मयुगाचा काळ. इथे एक सावधगिरी बाळगावी लागते. सूक्ष्मास्त्र दिसले की ते मध्याश्मयुगीन, असे समीकरण मांडता येत नाही. मध्य प्रदेशातल्या मेहताखेडी इथल्या सूक्ष्मपात्यांचे वय ४० हजार वर्षांहून अधिक निघाले आहे, आणि दुसऱ्या टोकाला, शेती करणाऱ्या ताम्रपाषाणयुगीन गावांतही बारीक पाती वापरात होती. आकारावरून काळ सुचतो. सिद्ध होतो तो थरावरून आणि सोबतच्या वस्तूंवरून.

शेतकऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत जवळचा टप्पा ताम्रपाषाणयुगाचा. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथले लोक जव आणि इतर धान्ये पिकवत, गुरे पाळत, चाकावर घडवलेली रंगीत मडकी वापरत आणि तांब्याची थोडी हत्यारेही बाळगत. तांबे दुर्मीळ होते, म्हणून रोजचे कापणे-सोलणे कॅल्सिडनीच्या पात्यांनी चाले. ही पाती काढण्याची रीत थक्क करणारी आहे. गोळ्याच्या एका कडेवर आलटून-पालटून बारीक घाव घालून उभा कंगोरा तयार करायचा. तो कंगोरा एका दाबात सोडवला की पहिले, तिकोनी छेदाचे पाते निघते आणि गाभ्यावर सरळ वाट तयार होते. त्या वाटेने मग एकामागून एक समांतर कडांची पाती सुटत जातात. ती कधी चाकूसारखी एकेकटी वापरली, कधी लाकडी मुठीच्या खाचेत ओळीने बसवून विळा केला. गवत आणि धान्याच्या ताटांत सिलिका असते. कापणीत ती धारेवर घासली जाऊन पात्याच्या कडेला चमक चढते. अशी चमक असलेले पाते मिळाले, तर ते बहुधा कोणाच्या तरी सुगीत राबले आहे असे समजावे. तुमच्या रानात आजही सुगी होते. तीन हजार वर्षांपूर्वी तिथेच झाली असण्याची ती खूण आहे.

पात्यांच्या जोडीला इतर दगडी वस्तूही निघतात. धान्य भरडण्याचे खोलगट पाटे आणि त्यांवरचे वरवंटे, हातोड्यासारखे वापरून टोकाशी ठेचले गेलेले गोटे, अकीक आणि कार्नेलियनचे मणी, मण्यांना भोके पाडण्याची टोकदार सूक्ष्म हत्यारे. गोल फिरणारे जाते मात्र बरेच पुढचे, इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांच्या आसपासचे. फुटलेल्या जात्याच्या तळीला कोणी अश्मयुगाशी जोडू नये.

या विषयाचा भारतातला आरंभ एका शोधाने झाला. ३० मे १८६३ रोजी भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळच्या पल्लावरम इथे मुरमाच्या खाणीत एक दगडी हत्यार दिसले. त्यानंतर थोड्याच वर्षांत गोदावरीकाठी पैठणजवळच्या मुंगी इथे भूगर्भशास्त्रज्ञ वायने यांना नदीच्या जुन्या गाळात अकीकाचा छिलका मिळाला. त्या गाळात नामशेष प्राण्यांची हाडे होती. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात टॉड या संशोधकांनी मुंबईतल्या कांदिवलीहून हत्यारे गोळा केली. पुढे डेक्कन कॉलेजात हसमुख सांकलिया यांनी या अभ्यासाला महाराष्ट्रात भक्कम बैठक दिली. नदीच्या दरडी पायी तुडवून त्यांनी थर आणि हत्यारे यांचा मेळ घातला. १९६४ साली त्यांनी दगडी हत्यारांची तंत्रे, नावे आणि उपयोग यांवर लिहिलेला ग्रंथ भारतीय अभ्यासकांच्या कित्येक पिढ्यांनी वापरला. चिरकी इथे जर्मन संशोधक गुद्रून कोर्व्हिनस यांनी चिकाटीने उत्खनन केले. मराठी वाचकांसाठी म. के. ढवळीकर यांचे ‘महाराष्ट्राची कुळकथा’ हे पुस्तक या सगळ्या काळाकडे नेणारी उत्तम वाट आहे.

या सर्वांच्या कामातून एक गोष्ट ठळकपणे पुढे येते आणि या पुस्तकाचा गाभाही तीच आहे: दगडाची ओळख त्याच्या व्रणांत असते, पण त्याचा इतिहास त्याच्या जागेत असतो. मुंगीचा छिलका कपाटात सुटा मिळाला असता, तर तो केवळ अकीकाचा एक तुकडा ठरला असता. जुन्या गाळात, नामशेष प्राण्यांच्या हाडांच्या सोबतीने मिळाला म्हणून तो माणसाच्या प्राचीनतेचा पुरावा ठरला. बोरीची हत्यारे ज्या थरांशी निगडित आहेत, त्यांत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. ती राख सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वी सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीच्या महास्फोटातून आली, असे काही संशोधक मानतात. इतर काही जण तिला सहा-सात लाख वर्षांची, तर कुणी १४ लाख वर्षांची ठरवतात. हा वाद चालू शकतो, तपासता येतो, पुढे नेता येतो, कारण थर जागेवर आहे.

जागा हरवली की काय होते, याचे उदाहरणही आपल्याच मातीतले आहे. प्रवरेकाठच्या दायमाबाद इथे १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका स्थानिक माणसाला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा अशी काशाची चार शिल्पे मिळाली. एकत्र वजन सुमारे ६० किलो. भारतीय कलेतले ते अपूर्व धन. पण ती उत्खननातल्या थरातून निघाली नाहीत, म्हणून त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद राहिले. इतक्या मोठ्या शिल्पांची ही गत, तर नखाएवढ्या पात्याची काय कथा? खिशात टाकून घरी आणलेले आणि मग दिवाणखान्याच्या काचेत ठेवलेले हत्यार आपली बहुतेक माहिती रानातच सोडून आलेले असते.

म्हणून दगड दिसला की उचलण्यापूर्वी थांबावे. तो पडला आहे तिथेच त्याचे छायाचित्र घ्यावे. शेजारी नाणे, पेन किंवा मोजपट्टी ठेवावी. दुसरे छायाचित्र दुरून, बांध, झाड, विहीर अशी ओळखीची खूण दिसेल असे घ्यावे. मोबाइलवरून त्या जागेचे अक्षांश-रेखांश टिपावेत आणि त्यासोबत गावाचे नाव, शिवार, गट क्रमांक आणि तारीख वहीत लिहावी. जमीन काळी आहे, मुरमाड आहे, पांढरी आहे की नदीच्या गोट्यांची आहे, तेही लिहावे. हत्यार वर आले ते नांगरटीने, पावसाने, की खोदकामाने? काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. त्यात वस्तू वर-खाली सरकतात. मुरमाच्या माळावर त्या फारशा खाली जात नाहीत. नदीच्या दरडीत चुनखडीने घट्ट झालेल्या गोट्यांच्या थरात अडकलेले हत्यार तर कधीही कोरून काढू नये. त्याचे सारे मोल त्या थराशी बांधलेले आहे. दगड घासूनपुसून चकचकीत करू नये, कारण धारेवरची चमक आणि क्वचित चिकटलेला डिंक त्यात जातो. कोणत्याही कारणाने खड्डा खणू नये. उत्खनन हे परवानगीने आणि प्रशिक्षित माणसांनीच करण्याचे काम आहे.

पांढरीबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. जुन्या वस्तीच्या जागी राख, शेण, भिंतींची माती आणि खापरे साचून जे राखाडी टेकाड तयार होते, त्याला आपल्याकडे पांढर म्हणतात. ही माती कसदार असते, म्हणून पिढ्यान् पिढ्या ती गाड्या भरून रानात पसरली गेली. खतासाठी नेलेल्या त्या मातीबरोबर पाती, मणी, मडकी आणि कधीकधी पुरलेल्या माणसांची हाडे दूरच्या शेतांत गेली. म्हणून एखाद्या रानात चुकार पाते मिळाले, तर ते तिथलेच असेल असे धरून चालू नये. ती माती कुठून आणली होती, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. अनेकदा त्या आठवणीतूनच खऱ्या वस्तीचा पत्ता लागतो. आता बैलगाडीची जागा यंत्राने घेतली आहे आणि एक अख्खी पांढर काही दिवसांत सपाट होते. वाळूउपसा नद्यांच्या दरडी ढासळवतो, खडीसाठी टेकड्या कापल्या जातात, कांदिवलीसारखी ठिकाणे इमारतींखाली गेली. एकदा मोडलेला थर पुन्हा रचता येत नाही.

या वस्तूंचा बाजारही आहे आणि त्यापासून दूर राहण्याची विनंती मी कळकळीने करतो. हत्यार विकत घेणारा माणूस आणखी हत्यारांची मागणी निर्माण करतो आणि त्या मागणीपायी माळच्या माळ वेचून रिकामे होतात. कायदाही स्पष्ट आहे. १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या, दहा रुपयांहून अधिक मोलाच्या ठेव्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. अनेक शेतकरी सापडलेली वस्तू लपवतात, कारण कळवले तर सरकार जमीन ताब्यात घेईल अशी त्यांना धास्ती वाटते. रानात काही छिलके मिळाले म्हणून कुणाची शेती थांबत नाही. राज्याचे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, डेक्कन कॉलेज किंवा जवळच्या विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग यांना छायाचित्रे आणि नोंद पाठवली, तर तेवढ्याने कामाला सुरुवात होते.

पुढची प्रकरणे अशा क्रमाने लावली आहेत: आधी दगडाचे प्रकार, मग घावाच्या खुणा, मग काळानुसार हत्यारांची घडण, फसवे दगड, आणि शेवटी नोंद ठेवण्याची पद्धत. केवळ वाचून डोळा तयार होत नाही. पुण्यातल्या डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात जाऊन खरी हत्यारे पाहावीत. शिक्षकांनी मुलांना तिथे न्यावे आणि परत आल्यावर आपल्याच गावच्या माळावर फिरवावे. नासके गोटे, फुटकी खडी आणि खरे छिलके शेजारी ठेवून मुलांनी खुणा मोजाव्यात. दगड मारून छिलका काढून पाहण्याचा प्रयोग तर जरूर करावा. डोळ्यांना संरक्षक चष्मा आणि हातांना मोजे घालून, आणि नव्या छिलक्यांवर तारीख लिहून ते वेगळे ठेवून, म्हणजे पुढे कुणाची फसगत होणार नाही. आघातकंद एकदा स्वतःच्या हाताने निर्माण केला की तो आयुष्यभर ओळखता येतो.

वाचकांना माझे एकच सांगणे आहे. गावोगावी अशा नोंदवह्या सुरू करा. शाळेत एक, ग्रामपंचायतीत एक, घरात एक. सापडलेल्या वस्तूपेक्षा सापडलेल्या जागेची नोंद अधिक जपा आणि ती जाणकारांपर्यंत पोचवा. महाराष्ट्राच्या लाखो वर्षांचा इतिहास ज्यांच्या शेतात आहे, त्याची पहिली नोंद त्यांच्याच हातून व्हायला हवी.